पंचावन्न वर्षांचा भाव

शेलार गावच्या चांगदेवने आपले उरलेसुरले चाळीस लाख रुपये एका कंपनीच्या शेअरांत घालायचं ठरवलं, तेव्हा त्याची बायको पुतळाबाई एवढंच म्हणाली की आधी मेहताजींना कागद दाखवा. मेहताजी म्हणजे सिराज. भिवंडीच्या एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात त्याने चौतीस वर्षं हिशेब लिहिले, आणि कारखान्यात हिशेब लिहिणाऱ्याला मेहताच म्हणतात, मग तो कोणत्याही जातीधर्माचा असो. चांगदेवचा टेम्पो त्याच कारखान्याचं कापड वाहायचा, त्या दिवसांपासूनची ही दोस्ती.

सिराजचा स्वभाव मात्र दोस्तीला फारसा सोयीचा नव्हता. सहासष्ट वर्षांचा हा सडपातळ माणूस स्वतःचं पेन स्वतःच्या खिशात ठेवायचा, ते कोणालाही द्यायचा नाही, आणि चुकीची बेरीज दिसली की त्याला खरोखर मळमळायचं. ही अतिशयोक्ती नाही. एकदा लग्नाच्या मांडववाल्याचं बिल बघून तो भर मांडवातून उठून बाहेर गेला होता आणि त्याची बायको जुबैदा लिंबूपाणी घेऊन त्याच्यामागे धावली होती. कारखान्यातली नोकरी सुटल्यापासून त्याचं हे दुखणं वाढलंच होतं, कारण आता गावात दुसरं काही दिसतच नव्हतं. जिथे लोक सुताचा भाव बोलायचे तिथे आता शेअरचा भाव बोलत. केस कापणारा कात्री थांबवून मोबाइल बघायचा. टायरवाला सिमेंटच्या कंपनीचं भविष्य सांगायचा. कंपनी काय बनवते, कोणाला विकते, तिच्या हातात शेवटी काय उरतं, हे एकालाही ठाऊक नसायचं. सिराजला या सगळ्याचा किळसवाणा कंटाळा आला होता, आणि तो लपवायचे कष्ट तो घेत नसे.

तरी तो गेला. पुतळाबाईने बोलावलं म्हणून गेला.

चांगदेवचं घर नवीन होतं, तीन मजली, बाहेरून जांभळ्या रंगाचं. २०२१ साली, टाळेबंदीने सगळ्यांचे हात रिकामे केले होते तेव्हा, त्याने आपली ऐंशी गुंठे भातशेती एका दलालामार्फत विकली होती. गुंठ्याला एक लाख चाळीस हजार. एक कोटी बारा लाख आले. त्यांतून हे घर झालं, दोन मुलींची लग्नं झाली, दारात एक पांढरी गाडी आली, आणि चाळीस लाख बँकेत राहिले. नवराबायकोचं म्हातारपण आता त्या चाळीस लाखांवर होतं. चांगदेव एकसष्ट वर्षांचा, पुतळाबाई साठीची. दुसरं काहीही येणार नव्हतं.

सोफ्यावर चांगदेवच्या बहिणीचा मुलगा भाविक बसला होता. त्याने कशेळीला एक काचेची केबिन भाड्याने घेतली होती आणि लोकांना शेअर घेऊन द्यायचा धंदा चालवला होता. त्याने सिराजला वाकून नमस्कार केला, काका म्हटलं, आणि प्लास्टिक चढवलेला एक रंगीत कागद पुढे केला. कंपनीचं नाव धरणीछत्र. जमिनी घ्यायच्या, त्यांवर गोदामं बांधायची, भाड्याने द्यायची, हा तिचा धंदा. शेअरचा भाव तीनशे बारा रुपये. गेल्या वर्षी एका शेअरमागे कमाई चौतीस रुपये साठ पैसे. म्हणजे नऊ वर्षांच्या कमाईत शेअर फुकट, असं भाविकने सांगितलं. बाकीच्या कंपन्या तीस-चाळीस पटींना जात होत्या, ही नुसती नऊ पटींना पडून होती, आणि लोकांच्या लक्षात आलं की संपलं.

सिराजने विचारलं की गेल्या वर्षीची कमाई समजली, त्याच्या आधीच्या वर्षांची कुठे आहे. भाविक हसला. बाजार मागे बघत नाही, काका, पुढे बघतो, असं म्हणाला. हे वाक्य त्याने कुठल्यातरी हॉटेलातल्या सभेत पनीर खाता खाता ऐकलं असणार, असं सिराजला वाटलं. चार दिवस द्या, एवढं बोलून तो उठला. चहा त्याने अर्धाच घेतला.

चार दिवस कशाला, तर बडे सेठनी शिकवलेला हिशेब करायला. बडे सेठ म्हणजे त्याच्या कारखान्याचा जुना मालक, आता कबरीत. कोकणातून आलेल्या घराण्याचा तो माणूस चौथी शिकलेला होता, पण भिवंडीत कोणी कारखाना विकायला काढला की घेणारे आधी त्याला विचारायचे. तो कधीच चालू वर्षाची कमाई बघायचा नाही. दहा वर्षांच्या वह्या मागवायचा. लूमच्या धंद्यात दहा वर्षांत एकदा तेजी येते, दोनदा मंदी येते, एकदा संप होतो, एकदा पूर येतो, सुताचा भाव एकदा तरी गळा आवळतो. एवढं सगळं पचवून जे उरतं ती कारखान्याची कमाई, असं त्याचं म्हणणं. आणि दहा वर्षांपूर्वीचा रुपया आजच्या रुपयाशेजारी तो बसू द्यायचा नाही. ज्या वर्षी जी कमाई, तिचा त्या वर्षीच्या भावाने किती तांदूळ आला असता ते काढायचा. दहा वर्षांच्या तांदळाची सरासरी. त्या तांदळाची आजची किंमत. त्या किमतीने कारखान्याच्या भावाला भागायचं. उत्तर सात-आठ आलं तर बोलणी, बारा आलं तर चहा पिऊन परत.

सिराजने धरणीछत्रच्या दहा वर्षांच्या अहवालांची पानं झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली आणि जुबैदाकडे तिच्या किराण्याच्या वह्या मागितल्या. तिने लग्नापासूनच्या सगळ्या जपून ठेवल्या होत्या. पेटीतून काढता काढता तिने विचारलं, की दुसऱ्याच्या पैशासाठी तुम्ही का तोंड वाकडं करून बसलात. सिराजने दहा वर्षांपूर्वीची वही काढून उघडली. पहिल्या वर्षी तांदूळ बेचाळीस रुपये किलो होता, शेवटच्या वर्षी पासष्ट. म्हणजे पहिल्या वर्षीची तीन रुपये वीस पैशांची कमाई आजच्या मानाने जवळजवळ पाच रुपये. असं एकेक वर्ष तो आजच्या भावात आणत गेला. कमाई तशी किडुकमिडुकच होती. कुठे चार रुपये, कुठे अडीच, टाळेबंदीच्या वर्षी उलट आठ रुपयांचा तोटा, मग पुन्हा एक, तीन, चार. आणि शेवटी अचानक चौतीस रुपये साठ पैसे. दहांची सरासरी पाच रुपये अडुसष्ट पैसे आली. तीनशे बारा भागिले पाच अडुसष्ट. पंचावन्न.

त्याने सरकारचा महागाईचा आकडा मोबाइलवर शोधून पुन्हा गणित केलं. तरीही पंचावन्नच आले.

नऊ वर्षांत फुकट होणारा शेअर पंचावन्न वर्षांत फुकट होत होता. पण सिराजचं या उत्तराने समाधान झालं नाही, कारण वर्षानुवर्षं चार रुपये कमावणारं दुकान एका वर्षात चौतीस कमावत नाही. कमावलं तर त्या वर्षी त्याने दुकानातलं काहीतरी विकलेलं असतं. सिराजला हे कोणी शिकवायला नको होतं. हे त्याने स्वतःच्या हाताने केलं होतं.

बडे सेठ गेल्यावर त्यांच्या मुलाने, मुआज शेठने, कारखाना विकायला काढला. विकण्याच्या आदल्या वर्षी त्याने चाळीस जुने लूम भंगारात काढले आणि सिराजला सांगितलं की हे पैसे विणाईच्या खात्यात लिहा. सिराजने लिहिले. एका वर्षाची विणाई तिप्पट दिसली. घेणारा होता शादाब, उत्तर प्रदेशातल्या मऊ गावाहून आलेला कारागीर, वीस वर्षं लूमवर उभा राहून आणि गावची जमीन गहाण टाकून मालक व्हायला निघालेला. त्याने तेवढं एकच वर्ष बघितलं, कारण सिराजने त्याला तेवढं एकच वर्ष दाखवलं. अडीच वर्षांत कारखाना बँकेने ओढून नेला. सिराजला त्या ईदला पंचवीस हजार बक्षीस मिळालं होतं. जुबैदाला त्याने कधी सांगितलं नाही की ते कशाचे. घरातला फ्रिज त्याच पैशांचा.

अहवाल इंग्रजीत होता. सिराज बोट ठेवून ठेवून शेवटच्या पानांपर्यंत गेला, जिथे कोणी जाऊ नये म्हणून अक्षर बारीक केलेलं असतं. टीप क्रमांक एकतीस. चौतीस रुपये साठ पैशांतले एकतीस रुपये चाळीस पैसे एका जमिनीच्या विक्रीतून आले होते. ते वगळले तर दहा वर्षांची सरासरी अडीच रुपये, आणि भाव एकशे तेवीस वर्षांचा. विकलेली जमीन सतरा एकर. मौजे शेलार, तालुका भिवंडी. खाली सर्व्हे नंबरांची रांग होती. त्यातल्या चौथ्या नंबरावर सिराजचं बोट थांबलं, कारण चांगदेवच्या खरेदीखतावर साक्षीदार म्हणून त्याचीच सही होती आणि नंबर त्याच्या डोक्यात राहिला होता.

तो उठून मोरीत गेला आणि त्याने तोंड धुतलं. मग परत येऊन ते पान पुन्हा वाचलं. कंपनीने ती जमीन गुंठ्याला सहा लाखांनी विकली होती. दलालाच्या नावावर, चांगदेवला एक लाख चाळीस हजार टेकवून घेतलेली. आणि त्याच विक्रीच्या जोरावर शेअर स्वस्त दाखवून तोच शेअर चांगदेवच्या गळ्यात मारायला त्याचाच भाचा आला होता. शेत घेतलं ते घेतलं, आता शेताचे उरलेले पैसेही घ्यायला आले होते. वर आणखी एक आकडा होता. कंपनीच्या मालकांचा स्वतःचा हिस्सा वर्षभरात शंभरातल्या एकसष्टवरून चव्वेचाळीसवर आला होता. मालक आपले शेअर विकत होते, म्हणून भाविकसारख्यांना घेणारे शोधायला सोडलं होतं. भाविकला हे माहीत होतं की नव्हतं, याचा सिराजने विचार केला. माहीत असेल तर तो नीच, नसेल तर गाढव, आणि दोन्हींत चांगदेवला फरक पडत नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारी दोनला तो शेलारला पोचला. भाविक आधीच येऊन बसला होता. सिराजने कोणाच्या तोंडाकडे न बघता सगळा हिशेब वाचून दाखवला, तांदळापासून टीप एकतीसपर्यंत. सर्व्हे नंबर वाचला तेव्हा पुतळाबाई ट्रे हातात घेऊन दारातच उभी राहिली.

चांगदेवने कागद ओढून घेऊन तो नंबर स्वतः वाचला. मग त्याने विचारलं, "म्हनजे माझं शेत त्यांनी सहा लाखानं विकलं?"

"सहा लाखाने. आणि तो नफा दाखवून तुला शेअर विकतायत."

भाविक म्हणाला की काका, कंपनीला जमिनीतलं कळतं हेच यातून दिसतं, एकाच सौद्यात चौपट. सिराजने त्याला गप्प बसायला सांगितलं. मग जे जुबैदालाही सांगितलं नव्हतं ते त्याने या जांभळ्या घरात सांगून टाकलं. भंगाराचे पैसे, विणाईचं खातं, शादाब, ईदचे पंचवीस हजार. हा डाव मी ओळखतो कारण मी तो लिहिलाय, असं तो म्हणाला. बोलताना त्याला स्वतःच्याच हातांची शिसारी आली. पण मनात कुठेतरी हलकंही वाटलं, की एवढं ऐकल्यावर हा माणूस वाचेल, आणि शादाबचं देणं थोडंतरी फिटेल.

चांगदेव ऐकत होता, अगदी लक्ष देऊन. त्याने विचारलं, "मुआज शेठ आता कुठं असतो?"

"ठाण्याला. दोन फ्लॅट आहेत."

"आन तो शादाब?"

सिराजला सांगावं लागलं. शादाब त्याच कारखान्यात, नवीन मालकाच्या लूमवर, बारा तासांची शिफ्ट करत होता.

चांगदेवने मान हलवली. आवाज चढवला नाही. "मेहताजी, तुमी खरं बोललात, उपकार झालं. पन मना सांगा, फसवनारा फ्लॅटमंदी आन फसलेला लूमवर. मी जनमभर फसलेल्यांच्या बाजूला बसलो. माझा बाप बी तितंच बसला. ज्यांनी माझं शेत चौपट केलं ती मानसं हुशारच हायेत ना? एकदा मना बी हुशार मानसांच्या बाजूला बसूं दे."

सिराजला क्षणभर वाटलं की आपण कुठल्यातरी भलत्याच भाषेत बोललो. तो म्हणाला, "चांगदेव, ती माणसं उठून चाललीत. त्यांनी रिकाम्या केलेल्या जागेवर तू बसतोयस. शादाब असाच बसला होता."

"त्याला म्हाईत नव्हतं. मना म्हाईत हाय," चांगदेव म्हणाला, आणि आपल्याला काहीतरी फार मोठं कळलं आहे अशा समाधानाने त्याने भाविककडे बघून मान हलवली.

भाविकने मोबाइल काढला. बाजार बंद व्हायला तास होता. त्याने दोन-चार ठिकाणी बोट लावलं, मग चांगदेवच्या फोनवर बँकेचा ओटीपी आला आणि चांगदेवने तो डोळ्यांजवळ धरून एकेक करून मोठ्याने वाचला. सहा आकडे. तेवढ्यात झालं. ऐंशी गुंठे विकायला दोन महिने, वकील, तलाठी आणि अंगठे लागले होते, त्याचे उरलेले चाळीस लाख चहा निवायच्या आत गेले. भाविकने सिराजचेही आभार मानले. काकांनी एवढा खोलात अभ्यास केला म्हणून मामांना धीर आला, असं म्हणाला, आणि कशेळीला केबिनवर यायचं आमंत्रण दिलं. तुमच्यासारखा माणूस समजावून सांगायला असला तर गिऱ्हाईक पटकन तयार होतं, तुमचंही काही बघू. सिराजने त्याच्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर त्या नव्या फरशीवर ओकला असता.

तो चपला घालत होता तेव्हा पुतळाबाई फाटकापर्यंत आली. हिशेबाचा कागद तिच्या हातात होता. तो तिने कधी उचलला ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"त्यांना न्हाय कललं. मना कललं," ती म्हणाली. "पन शेतान मी राबले आन सातबाऱ्यावर नाव त्यांचं. पैसं बी त्यांच्याच खात्यान." मग तिने कागदाच्या तळाशी, जिथे सिराजने आकड्याखाली दोन रेघा मारल्या होत्या, तिथे बोट ठेवलं. "हे पंचावन्न वर्सं म्हनताव. मना आता साठ हायेत. तवर खायाचं काय, ते पन धराल का हिशेबात?"

सिराज चौतीस वर्षं प्रत्येक प्रश्नाला आकडा देत आला होता. कागद परत घ्यायला त्याने हात पुढे केला, पण तिने तो घडी करून पदराच्या टोकात बांधला आणि ती आत गेली.

रिक्षाने तो भिवंडीत उतरला आणि कारखान्यावरून जाणाऱ्या जवळच्या गल्लीने घरी निघाला. घराकडे जायला दुसरी वाट होती, लांबची, आणि आठ वर्षं त्याने ती जाणूनबुजून घेतली होती. आज पाय सवय विसरले. जुन्या कारखान्याच्या दारात शादाब पाणी प्यायला बाहेर आला होता. बनियनवर, केसांत कापसाची भुकटी. त्याने सिराजला बघितलं आणि हात कपाळाला लावून नेहमीच्या अदबीने सलाम केला, जसा मालक असतानाही करायचा.

"बहुत दिन बाद, मेहताजी. सब खैरियत?"

सिराज थांबला. तीच गोष्ट दोन तासांपूर्वी त्याने चांगदेवच्या घरी घडाघडा सांगितली होती, जिथे तिची किंमत शून्य होती. जिथे ती सांगायला हवी होती तो माणूस आता हातभर अंतरावर उभा होता. आतून लूमचा खडखडाट येत होता.

"सब खैरियत," सिराज म्हणाला, आणि घरी गेला.